करकोच्यासाठीचं रडणं

फोन घरी आला आणि तो नेमका आईनं उचलला, तिथंच सगळं हातचं गेलं. चष्मेवाला दुपारी दुकान बंद करून जेवायला आला, तोवर आईनं समोरच्याला होकार देऊन टाकला होता आणि नातीला खुर्चीवर उभी करून तिच्याकडून कविताही म्हणवून घेतल्या होत्या.

"अरे, वाऱ्याच्या पिक्चरचा पुढचा भाग येतोय!" तो चप्पल काढतोय न काढतोय तोच आई म्हणाली. "त्यात एक लहान मुलगी आहे, तिला आवाज हवाय. तुझं नाव अजून लक्षात आहे बरं का त्यांच्या. तुला मुलगी आहे म्हटल्यावर म्हणाले, घेऊन या, ऐकतो."

"नको," चष्मेवाला म्हणाला.

वाऱ्याचा पिक्चर म्हणजे कोणता, हे त्या पिढीतल्या कुणाला सांगावं लागत नाही. परदेशी कार्टून, पण आपल्या भाषेत बोलणारं. राक्षस जगातला सगळा वारा एका रांजणात कोंडून ठेवतो, पवनचक्क्या थांबतात आणि चक्कीवाल्याचा मुलगा एक लंगडा करकोचा आणि एक निळा बोकड घेऊन वारा सोडवायला निघतो. शाळेला सुट्टी लागली की टीव्हीवर तो लागायचाच. त्यात खाऱ्या दलदलीच्या काठी करकोचा मान टाकतो तेव्हा तो मुलगा जे ओरडतो, "ऊठ ना रे! मला एकट्याला टाकून जाऊ नको!", ते तर सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. ऑफिसातून कुणी लवकर निघालं की मागून कुणीतरी हमखास ही हाक मारायचं. एकदा चष्मेवाल्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा काउंटरवर विसरून निघालं, तर त्याच्या मित्रानं चष्म्याच्या वतीनं हेच वाक्य हुबेहूब रडक्या आवाजात म्हटलं. दुकानात हशा पिकला. चष्मेवाला मात्र काउंटरखाली वाकून, न पडलेला स्क्रू बराच वेळ शोधत राहिला. कारण मूळ आवाज त्याचा होता. तिसरी-चौथीत असताना दिलेला.

"नको म्हणजे? कारण काय?" आईनं विचारलं.

"शाळा बुडेल."

"पुढच्या शनिवारी बोलावलंय."

"घसा बसेल तिचा."

"तुझा बसला होता?"

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. कारण आणि उत्तर जुळत नसलं की ते तिला लांबूनही दिसायचं. तिनं ताटावरून नुसतं वर पाहिलं. लेक मात्र तोंड पाडून बसली. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला सगळे टिकली म्हणायचे. आता चांगली हाडापेरानं वाढली होती, तरी नाव तेच राहिलं होतं.

चष्मेवाला तसा मुळातच बेचैन माणूस. एका जागी बूड टिकायचं नाही. घरातलं कुणी यायला जरा उशीर झाला की हा गॅलरीत. आई कोपऱ्यावर भाजी आणायला गेली तरी याची एक नजर रस्त्याकडे. "तुला मांजरीनं पिल्लं मोजावीत तशी सारखी माणसं मोजायची सवय आहे," बायको चिडवायची. पण त्या आठवड्यात त्यानं कहर केला. दुकानात एका बाईंची डावी काच उजवीकडे बसवली. घरी बाथरूमचा नळ, जो गळत नव्हता, तो उघडून परत बसवला आणि मग तो गळायला लागला.

रविवारी दुपारी आईनं शेवटचं अस्त्र काढलं. "पोरीला पिक्चर तरी दाखव. मग ठरव." तिनं शेजारच्या मुलाकडून तो टीव्हीवर कसा लावायचा ते शिकून घेतलं होतं. सगळे सोफ्यावर बसले. चष्मेवाला दाराशी उभा राहिला, मग खिडकीशी, मग पडद्याची कडी घट्ट करायला स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"बस की रे! डोळ्यासमोरनं सारखा काय जातोस?"

तो सोफ्याच्या हातावर टेकला.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास तो रमला. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं तो पिक्चर लागला की चॅनेल बदलायचा, त्यामुळे पिक्चर इतका देखणा होता हेच तो विसरून गेला होता. थांबलेल्या पवनचक्क्यांवर बसलेले कावळे, वाऱ्याविना उभं राहून पिवळं पडलेलं गवत, सरळ रेषेत वर जाणारा धूर. आणि तो निळा बोकड! राक्षसाच्या पहारेकऱ्यापुढे तो स्वतःला सरकारी तपासनीस म्हणवतो आणि त्याच्याच टोपीचा काठ खाऊन 'माल निकृष्ट आहे' म्हणतो, तेव्हा टिकली हसता हसता सोफ्यावरून घसरली आणि चष्मेवालाही मोठ्यानं हसला. बायकोनं त्याच्याकडे वळून पाहिलं. टिकलीनं विचारलं, "बाबा, हा तू बोलतोयस? हा मुलगा?"

"हो."

"किती बारीक आवाज होता तुझा!"

तेवढ्यात दलदल आली. संगीत हळू झालं. करकोच्याचा पाय चिखलात रुतायला लागला तसा चष्मेवाला उठला.

"आता ऐक हं," आईनं नातीचा हात दाबला. "आता कान देऊन ऐक."

करकोच्यानं मान टाकली. मुलगा ओरडला. हाक मधेच फाटली, श्वास अडकला, आणि शेवटचा शब्द तर पुरता उमटलाच नाही. टिकलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई डोळे पुसत म्हणाली, "काय रडलाय! मोठमोठ्या नटांना जमणार नाही." आणि रिमोट उचलून तिनं पिक्चर मागे नेला. "थांब, परत ऐकवते."

"नको," चष्मेवाला म्हणाला.

"अरे एकदाच..."

"आई, नको म्हणतोय ना!"

त्याचा आवाज इतका चढला की टिकलीचं रडं थांबलं. आईनं टीव्ही बंद केला. स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या हातातच होता. तो खाली ठेवायला त्याला जागा सापडेना, मग तो तसाच हातात धरून बोलायला लागला.

"मला रडता येत नव्हतं त्या दिवशी. बाकी सगळं झालं होतं, फक्त हे राहिलं होतं. किती वेळा म्हटलं, पण काकांना पटेना."

काका म्हणजे तेव्हाचे दिग्दर्शक. खिशात गोळ्या बाळगणारा, पोरांना हसवणारा माणूस. स्टुडिओत सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

"त्यांनी तुला दूध आणायला खाली पाठवलं. आठवतंय?"

"हो," आई म्हणाली. "माझ्या मुलाचा घसा सुकलाय म्हणाले."

"तू गेल्यावर ते आत आले नाहीत. काचेपलीकडूनच बोलले. माझ्या कानावर हेडफोन होता. म्हणाले, बाळा, घाबरू नकोस, पण तुझ्या आईला खाली ट्रकनं उडवलं. ती गेली." त्यानं स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या हातात घेतला. "मी दाराकडे पळालो, तर दार बाहेरून लावलेलं. मग म्हणाले, आता म्हण. ते वाक्य म्हण."

टिकली आजीच्या जवळ सरकली.

"मी म्हटलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका आत आले, मला कडेवर घेतलं, म्हणाले, अरे वेड्या, गंमत केली! आणि तू बाटली घेऊन आलीस. तुला सगळे म्हणत होते, काय पोरगा आहे तुमचा! तू इतकी खूश होतीस की..." तो खिडकीकडे गेला.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "ट्रकनं?"

"हो."

"मेल्याला ट्रकच सुचला!" आणि मग तिचा बांध फुटला, पण रडण्याचा नव्हे, रागाचा. "अरे, तो गेला तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन ओक्साबोक्शी रडून आले! त्याच्या बायकोला म्हटलं, देवमाणूस होता, माझ्या पोराला घडवलं! आणि तू, तू काय तोंडात गुळणी धरून बसला होतास? येईल त्या पाहुण्याला मी हे ऐकवत होते. तुझ्या लग्नात ऐकवलं. तू समोर बसून ऐकत होतास!"

"तुला आवडत होतं."

"आवडत होतं! मला काय स्वप्न पडलं होतं?" ती उठली, स्वयंपाकघरात गेली, तिथं काहीच काम नव्हतं म्हणून परत आली. आता घरात येरझाऱ्या घालणारी दोन माणसं झाली. बायकोनं नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला.

या सगळ्यात टिकलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे करकोचा मेला म्हणून तू रडलाच नव्हतास?"

"नाही गं."

"मग त्याच्यासाठी कुणीच रडलं नाही?" तिला हे फारच अन्यायाचं वाटलं. "मी रडले आत्ता. मी रडेन तिथे. मला खोटं रडता येतं, बघ." तिनं गळा काढला. असं भयंकर रडणं त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. कुणीतरी सायकलला हवा भरत असावं तसं. आई रागातच हसली, बायको हसली. चष्मेवाल्याला हसू आलं नाही, पण नको म्हणायला आता त्याच्यापाशी कारणही उरलं नव्हतं. सगळं सांगून झालं होतं आणि पोरीला तरीही जायचंच होतं.

शनिवारी ते तिघं गेले. टिकली, तो आणि आई. वाटेत तो दोनदा म्हणाला, "नाही आवडलं तर लगेच सांग," आणि टिकली दोन्ही वेळा "हो रे बाबा" म्हणाली. स्टुडिओ आता दुसऱ्या इमारतीत होता. भिंतींना करडा फोम, जमिनीवर जाड गालिचा. कुणी बोललं की शब्द तोंडापाशीच विझायचा. दिग्दर्शिका तरुण होती, केस वर बांधलेली, पेन्सिल कानावर. तिनं चष्मेवाल्याला पाहताच दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "सर, तुमच्या त्या एका वाक्यामुळे मी या कामात आले. लहानपणी शंभरदा ऐकलंय."

चष्मेवाला "हो का" म्हणाला आणि त्यानं हात सोडवून घेतला. या मुलीचा काही दोष नव्हता, हे त्याला कळत होतं.

"तुम्ही बाहेर बसाल का? आत गर्दी झाली की मुलं लाजतात."

"मी आतच थांबतो."

"आजी, तुम्ही? बाहेर कॉफी मशीन आहे."

"मला काही नको," आई म्हणाली. तिनं माइकच्या शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेतली. "मला तहान नाही, भूक नाही, कुठं जायचं नाही. मी इथून हलणार नाही. तुमचं चालू द्या."

दिग्दर्शिका दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं वाद घातला नाही. उलट काचेपलीकडे न जाता तीही आतच गुडघ्यांवर बसली, टिकलीसमोर. "तुझी बहीण हरवलीय, असं चित्रात आहे. तू तिला हाका मारतेस. रडू येत नसेल तर आणायचं नाही. श्वास असा तोडायचा फक्त. धावून आल्यावर कसा लागतो, तसा." तिनं करून दाखवलं. टिकलीनं केलं. सायकलच्या पंपाचा आवाज पुन्हा आला, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला त्यात काहीतरी खरं वाटण्याजोगं यायला लागलं. पुढच्या वेळेला टिकली फिस्सकन हसली. चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता आणि नकळत दाराच्या मुठीवर हात ठेवून होता. ती खाली दाबून त्यानं एकदा पाहिलं. दार उघडत होतं.

बाहेर पडताना दिग्दर्शिकेनं हळूच विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?"

"नाही," तो म्हणाला. थोडं पुढं जाऊन तो थांबला. "ते वाक्य तुम्हाला आवडतं ना... ते मी नीट म्हटलेलं नाही. म्हणजे, तो अभिनय नव्हता." त्यानं मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं. तिनं कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. एवढंच म्हणाली, "आमच्याकडे असं होणार नाही." त्याला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. थोडा ठेवलाही.

मुख्य मुलीचं काम टिकलीला मिळालं नाही. दुसऱ्याच कुणाला मिळालं. फोन आला तेव्हा चष्मेवाल्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली, कारण टिकली बिछान्यावर पालथी पडून मुसमुसत होती. मग पुन्हा फोन आला. निळ्या बोकडाच्या पिल्लाला आवाज हवा होता. थोडीच वाक्यं, बाकी सगळं बें-बें. टिकली लगेच सुलटी झाली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आईनं फर्मान काढलं. "मी एकटी घेऊन जाते. तू आलास की दाराची मूठ धरून उभा राहतोस. पोरीला वाटतं, आग लागणारेय."

तो दुकानात थांबला. एका शाळामास्तरांचा तिरप्या नंबरचा चष्मा करायचा होता. अशा काचेचा कोन जरा इकडचा तिकडं झाला की माणसाला जमीन कललेली दिसते. पहिली काच त्यानं मशीनवर लावली, घासली आणि फ्रेमपाशी नेऊन पाहिली तर कोन चुकलेला. ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली, ती खूण करतानाच हातातून सुटली. मास्तर बाकावर बसून पेपर वाचत होते. "घाई नाही हो," ते म्हणाले. त्यानं फोन लावला.

"काय रे?" आई कुजबुजली.

"झालं का?"

"चालू आहे."

मागून बारीक, चिरका बें-बें ऐकू आला आणि मधेच तुटला.

"रडतेय का ती?"

"हसतेय मेली! हसू आवरत नाहीये म्हणून तर उशीर होतोय. सगळेच हसतायत. ठेव आता फोन, आम्हाला ओरडतील."

त्यानं फोन ठेवला. उगाच दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून आला. मग दिव्याखाली नवी काच धरली आणि पुन्हा खूण करायला घेतली.