दारापासून खाटेपर्यंत

"दोघी धडधाकट, दोघींना देवानं तोंडं दिलीत, आणि निरोप मात्र माझ्या तोंडून! मी काय पोस्टाची पेटी आहे?"

कॅज्युअल्टीतल्या मावशी बेसिनपाशी पुटपुटत होत्या. त्यांच्या मते हे मनातल्या मनात चाललं होतं, पण शेजारी हात पुसणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना शब्दन् शब्द ऐकू गेला. ते हसले.

"पेटी कसली मावशी, तुम्ही तर आमच्या राजदूत. दोन देशांतली बोलणी तुमच्यामुळेच चालू आहेत."

"देश राहू द्या, माझे गुडघे गेले."

डॉक्टरांनी हे चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि मावशींना राजदूत हे नाव चिकटलं.

दोन देश म्हणजे दोन सिस्टर. सख्ख्या जावा. विभागात कुणी त्यांना नावानं ओळखत नसे. थोरल्या आणि धाकट्या, बस्स. धाकटी दारातल्या टेबलावर बसायची. येणारा प्रत्येक पेशंट आधी तिच्या नजरेखालून जायचा: काय होतंय, कधीपासून, कुठलं औषध सोसत नाही. थोरली आत, खाटांपाशी. धाकटी तिथूनच खणखणीत आवाजात सांगायची, "ताई, छातीत दुखतंय, साखर आहे, सकाळची गोळी घेतलेली नाही!" आणि थोरली आतून तेच शब्द परत म्हणायची. परत म्हटलं की पोचलं, असा त्यांचा शिरस्ता. नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी वाटायचं, ह्या कडाकडा भांडताहेत. जावा जावा म्हटल्यावर उभा दावा, हे लोक धरूनच चालतात. खरं तर एकीच्या हातातली कात्री दुसरीला कधी मागावी लागली नव्हती.

मग घरात नवा फ्रिज आला.

घर दुमजली. खाली थोरली आणि सासूबाई, वर धाकटी. खाली जागा नव्हती म्हणून फ्रिज वर ठेवायचं ठरलं. चार पाहुणे बसले होते. थोरली म्हणाली, "ठेवा खुशाल वर. त्याचं दार पुसायला मला जिना चढावा लागेल, एवढंच." पाहुणे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या, ज्या एरवी कशालाच हसत नाहीत. धाकटी हसली नाही. दिवसभर परक्यांच्या जखमा धुणाऱ्या बाईला चारचौघांत स्वच्छतेवरून टोमणा! तिनं अबोला धरला. थोरलीला वाटलं, येईल दोन दिवसांत ताळ्यावर. ती आली नाही, म्हणून मग थोरलीलाही राग आला. घरातला अबोला घरात राहिला असता तर फार तर भाजीत मीठ दोनदा पडलं असतं. पण तो डब्याबरोबर रोज कामावर यायला लागला.

"मावशी, त्यांना सांगा."

"मावशी, तिला विचारा."

सगळ्यांना हे दिसत होतं. नर्सा नकला करायच्या. मोठ्या डॉक्टरांच्या एकदा मनात आलं, दोघींना बोलावून चार शब्द सुनावावेत. पण बायकांच्या घरगुती भानगडीत आपण कशाला पडा, आणि काम तर होतंय ना, असं म्हणून त्यांनी ते भिजत ठेवलं.

एका दुपारी एक बाई आल्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. ताप आणि पोटात कळा, उभंही राहवत नव्हतं. सोबत नवरा, तोच सारखा मधे बोलत होता. धाकटीनं विचारल्यावर बाईंनी एका इंजेक्शनचं नाव घेतलं. "ते नको हं सिस्टर. मागे अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास कोंडला होता."

धाकटीनं खणातून लाल पट्टी काढून त्यावर नाव लिहिलं. ही पट्टी मनगटावर बांधायची असते. ती दिसली की सुई हातात घेतलेला माणूस थांबतो. एवढ्यात बाईंना आत खाटेवर नेलं होतं. खाट समोरच, हाकेच्या टप्प्यात. धाकटी पट्टी घेऊन उठली. खुर्ची मागे सरकली. मग ती परत बसली.

"मावशी, ही त्यांना द्या. आणि सांगा, हे इंजेक्शन चालत नाही म्हणून."

मावशींनी पट्टी खिशात टाकली आणि निघाल्या. तेवढ्यात दारात गाडी थांबली. स्कूटरवरून पडलेली दोन पोरं, रक्तबंबाळ. "मावशी, स्ट्रेचर! पळा!" मोठे डॉक्टर ओरडले. मावशी पळाल्या.

आत बाईंना ग्लानी आली होती. थोरलीनं मनगट पाहिलं. पट्टी नाही. पट्टी नाही म्हणजे अडचण नाही, असंच इतकी वर्षं चालत आलेलं. तरी तिनं दाराकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून लिहीत होती. एक हाक मारली की झालं असतं. थोरलीनं ओठ मिटले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन भरलं.

पुढे सगळे धावले. दोघी जावा खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, आणि त्यांचे हात पूर्वीसारखेच न मागता एकमेकींना हवं ते देत होते. तोंडं मात्र बंद होती.

बाई वाचल्या. पण मेंदूला हवा कमी पडली ती पडलीच.

धाकटी दोनदा वरच्या वॉर्डात जाऊन आली. पहिल्यांदा दारातूनच परतली. दुसऱ्यांदा नवऱ्यानं पाहिलं. तो बायकोच्या हातात दोरा ओवलेली सुई देऊन पाहत होता. बाईंनी सुई बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाची हो ही?"

तो बाहेर आला. "सिस्टर, त्या दिवशी तिनं तुम्हाला सांगितलं होतं ना, त्या इंजेक्शनचं? का मीच बोलत राहिलो आणि तिचं राहून गेलं? मला फार वाईट खोड आहे हो तिच्या मधे बोलायची. रात्रभर आठवून बघतो, आठवतच नाही."

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते असं, "तुम्ही जरा आराम करा."

चौकशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. रुग्णालयाचे व्यवस्थापक कागद पुढे घेऊन बसले होते. दोघी जावा, मधे एक रिकामी खुर्ची. मावशी दाराशी उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी गर्दी फार होती. थोरली म्हणाली, खाटांपाशी माणूस कमी पडतं. धाकटी म्हणाली, दारातला फोन नीट चालत नाही. स्ट्रेचरच्या चाकांवरही बोलून झालं. पट्ट्यांचा लाल रंग हल्ली फिका येतो, हेसुद्धा कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"ते सगळं ठीक आहे," व्यवस्थापक म्हणाले, "पण पट्टी सापडली यांच्या खिशात. निरोप यांना दिला होता, यांनी दिला नाही. मला तरी सरळ दिसतंय. यांना कामावरून कमी करावं लागेल."

मावशींचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. घर त्यांच्या एकटीच्या पायांवर उभं होतं, आणि हे त्या खोलीत व्यवस्थापक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय मावशी? विसरलात ना?"

मावशींनी दोघींपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. "हो साहेब. विसरले."

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले, जणू तिथे कुणी पेशंट होता. थोरली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ताई मोठ्या आहेत, त्या बोलतील, असं धाकटीला वाटत होतं. सुरुवात हिनं केली, हीच बोलेल, असं थोरलीला वाटत असणार. बोललं तर दोघींच्या नोकरीवर येणार, घरात सासूबाई विचारणार, गल्लीभर होणार. अळीमिळी गुपचिळी, आणि बळी मावशींचा.

"हवं तर आजच जाते," मावशी म्हणाल्या. "फक्त खालच्या कपाटात माझी चप्पल आहे, तेवढी घेऊ द्या."

"मावशी, तुम्ही कुठे जाऊ नका," धाकटी म्हणाली.

व्यवस्थापकांनी मान वर केली. "तुम्हाला काही सांगायचंय? सांगा मला."

"तुम्हाला नाही."

तिनं खुर्ची वळवली. किती दिवसांनी ती हा चेहरा समोरून बघत होती. ताईंच्या डोळ्यांखाली केवढी वर्तुळं आली होती!

"ताई, मावशी विसरल्या नाहीत. पट्टी घेऊन मी स्वतःच उठले होते. आणि परत बसले, कारण खाटेपाशी तुम्ही उभ्या होतात, आणि मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं."