हौसेचा कॅमेरा

मच्छीमार नगरच्या धक्क्यावर नूपुर विजयकरचा पाय घसरला, तेव्हा तिच्या गळ्यात कॅमेरा होता. ती पाण्यातच जायची, पण शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या रखमाने हातातली टोपली टाकून तिचा दंड धरला. कोपर सोलवटलं आणि लेन्सच्या तोंडावरचं प्लास्टिकचं कडं तुटलं, एवढ्यावर निभावलं.

"पोरी, आधी तू सांबाल," रखमा म्हणाली. "तुजं यंत्र मागाहून."

नूपुर हसली. रखमाने दिलेला चहाही प्यायली. गिरगावात घरी पोचल्यावर मात्र तिने कॅमेरा पुन्हा पुन्हा उलटसुलट करून तपासला. फोर्टमधल्या एका कंपनीत ती हिशेब तपासण्याचं काम करायची. सहली टाळून, जुना फोन वर्षानुवर्षं वापरून तिने हा कॅमेरा घेतला होता. सकाळच्या उन्हात होड्यांचे, जाळ्यांचे, तिथल्या बायकांचे फोटो काढायला ती दर शनिवारी जायची. आठवड्यातला तेवढा वेळ तिला स्वतःचा वाटायचा.

पुढच्या शनिवारी ती गेली नाही. त्यानंतरच्याही नाही. कॅमेरा कपाटात चादरींच्या मागे जाऊन बसला.

मध्येच रखमाचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "हलदीचे, लग्नाचे, सगले फोटू तूच काडायचे. आनि पैसे घ्यायचे हां. फुकट नको."

"बघते हं," नूपुर म्हणाली आणि पुढे काहीच कळवलं नाही. गर्दी, धक्काबुक्की, समुद्राचं पाणी. कॅमेरा गेला तर परत घेणं तिला जमणार नव्हतं.

वडिलांना, शशिकांतना, कॅमेरा कपाटात का गेला ते कळत होतं. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, जपून चालणारा. "अगं, घराचा विमा आहे ना आपला? त्यात कॅमेरा येत असेल की," ते म्हणाले आणि दादरहून दुर्गामावशींना बोलावून घेतलं. नूपुरच्या दिवंगत आईची ही मैत्रीण गेली कित्येक वर्षं विम्याचं काम करत होती.

मावशींनी पॉलिसी चाळली. "शशिकांत, यात घरातल्या घरात आग, चोरी वगैरे आहे. ही कॅमेरा घेऊन बाहेर जाते, त्याचं काय? त्याला वेगळा विमा लागेल. पडला, भिजला, चोरीला गेला, तर भरपाई मिळेल. दुरुस्तीतला थोडा वाटा मात्र तुझा तुला सोसावा लागेल, नूपुर. आणि रिक्षात विसरून आलीस तर काही मिळणार नाही."

"चालेल," नूपुर म्हणाली.

"आता एक सांग. फोटोंचे पैसे घेतेस?"

"नाही. म्हणजे... एकीने विचारलंय. लग्नासाठी."

मावशींनी चष्मा काढला. "मग विचार कर. कॅमेरा हौसेचा म्हणून विमा काढलास तर हप्ता कमी. पण पैसे घेऊन काम करताना काही झालं, तर कंपनी हात वर करेल. कामाचा म्हणून काढलास तर हप्ता जास्त, पण तेही काम त्यात येईल."

"हौसच आहे तिची," शशिकांत म्हणाले. "एका लग्नाने काय होतंय? कोण विचारायला येणार आहे?"

"काही घडलं की पहिलं तेच विचारतात. आणि खोटं लिहून मी विमा काढत नाही."

"पण ती काय फोटोग्राफर आहे का, दुर्गा? नोकरी आहे तिला चांगली."

नूपुरला वडिलांचा राग आला नाही. उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं. "दोन दिवस दे, मावशी," ती म्हणाली.

शनिवारी ती रिकाम्या हाताने मच्छीमार नगरला गेली. लग्नाला नाही म्हणायचं, असं ठरवूनच. रखमा जाळ्यातून मासळी सोडवत होती. नूपुरला बघताच तिने शेजारणीला हाक मारली, "अगो, ही बग आमची फोटूवाली!" आणि घरात जाऊन एक फ्रेम घेऊन आली. नूपुरने कधीतरी काढून दिलेला तिचा फोटो, वाऱ्यावर पदर उडतोय आणि ती कोणावर तरी ओरडतेय. "माजा नवरा म्हनतो, अशीच हाय ही. हुबेहूब."

नूपुर बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. चांगला होता तो. दुसऱ्या कोणी काढला असता, तरी तिला चांगलाच वाटला असता.

"हळद कधी आहे, मावशी?" तिने रखमाला विचारलं.

परतताना बसथांब्यावरूनच तिने दुर्गामावशींना फोन लावला. "कामाचा म्हणून काढ. कॅमेरा आणि मोठी लेन्स. ट्रायपॉड आणि छोटी लेन्स राहू दे, ते गेलं तर माझं मी बघेन."

"बाबांना सांगितलंस?"

"घरी जाऊन सांगते."

शशिकांतनी ऐकून घेतलं. हप्ता किती, ते विचारलं, थोडे कुरकुरले आणि मग म्हणाले, "हळदीला बॅग कोण धरणार तुझी? मी येतो."

हळदीच्या संध्याकाळी बँडवाल्यांनी गल्ली दणाणून सोडली. बायका नाचता नाचता एकमेकींना हळद फासत होत्या. नूपुर त्यांच्यात घुसली, वाकली, एका स्टुलावर चढली. कोणाचा तरी पिवळा हात थेट कॅमेऱ्यावर पडला. तिने कॅमेरा ओढणीने पुसला आणि पुढचा फोटो घेतला.

तेवढ्यात रखमाने बॅग सांभाळत बसलेल्या शशिकांतना हाताला धरून उठवलं. बॅग खांद्याला घट्ट लावून, जरा लाजत, त्यांनी एक गिरकी घेतली. त्यांचे गाल पिवळे झाले होते. नूपुरने कॅमेरा डोळ्याला लावला.

"बाबा, इकडे बघा!"