हात लावू नये

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी काही गरीब गाय नाही. माझ्यावर अन्याय झाला आणि मी त्याचं पुरेपूर उट्टं काढलं. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

मी नवी होते तेव्हा माझ्या पोटातली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घ्यायची. एका फोटोग्राफरने मला विकत घेतलं. घरी त्याला दादा म्हणत. पहिली दोन वर्षं त्याने मला राब राब राबवलं आणि मला ते फार आवडायचं. "ही आहे म्हणून माझा धंदा चाललाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मी फुगून जायचे.

मग त्याची आई गेली. जाण्याआधी तिने फोनवर चाळीस मिनिटं आपलं बोलणं भरून ठेवलं होतं. त्यात मुलांच्या खोड्या होत्या, टोपणनावं होती, मध्येच खोकलाही होता. दादाने ते माझ्यात उतरवलं आणि फोनमधलं सगळं पुसून तो कुणाला तरी देऊन टाकला. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, अजून एक कॉपी काढ ना. आणि हिला वर्षातून एकदा तरी लावून बघत जा."

"अगं, वस्तू वापरली की झिजते. तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्याने माझ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. वर लाल शाईत लिहिलं : महत्त्वाचे. हात लावू नये.

आणि खरंच, अकरा वर्षं कुणी हात लावला नाही! कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली मी पडून राहिले. घर रंगवताना सगळं सामान बाहेर निघालं. मला मात्र पट्टी वाचून रंगाऱ्यानेसुद्धा परत आत सरकवलं. धाकटी दर वर्षी आठवण करून द्यायची आणि दादा खेकसायचा, "जपून ठेवलीय ना? मग झालं तर!" जपून म्हणे! मी आत दातओठ खात होते. एकदा लाव मला, मग बघतेच तुझ्याकडे.

तो दिवस आला. धाकटीची लेक विचारू लागली होती, आजी कशी बोलायची? दादाने मोठ्या ऐटीत मला टेबलावर ठेवलं आणि वायर जोडली. मी सगळ्या फाइलींची नावं दाखवली, त्याला खूश होऊ दिलं. मग त्याचे बक्षीस मिळालेले फोटो एकेक करून अडवले. एकही उघडेना. त्याला घाम फुटला. "असं कसं होईल? हातसुद्धा लावला नव्हता हिला!" मी टकटक करत पोटभर हसले.

शेवटी त्याने आईचं बोलणं लावलं. "अगं, ऐकतेयस ना..." एवढं म्हणून आई थांबली. पुढचं मी देतेय कशाला!

पण रडली कोण? धाकटी. "दर वर्षी सांगत होते रे मी," एवढंच ती म्हणाली. अकरा वर्षं माझ्यासाठी भांडलेली ती एकटी होती. मी घाईघाईने तबकडी फिरवायला गेले, तर ती फिरेना. दुरुस्तीवाल्याने मला कानाशी धरलं आणि सांगितलं, "वंगण सुकलंय, आतून घासली गेलीय. पडून पडून गेली हो ही." मी रुसले आहे की मोडले आहे, हे तेव्हापासून माझं मलाच कळत नाही.

दादाने त्याच आठवड्यात दोन नव्या डिस्क आणल्या आणि दोन्ही त्याच खणात ठेवल्या. त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

मित्रांनो, तुमच्या जिवाभावाचं काही आमच्या पोटात असेल तर आम्हाला नुसता मान देऊन कोंडू नका. अधूनमधून बाहेर काढा, उघडून बघा, ऐका. दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.

मी आता धाकटीकडे असते. तिने ती पट्टी नखाने खरवडून काढली. दर महिन्याला ती मला जोडते, लेकीला मांडीवर घेते आणि म्हणते, "बघू या, आज आजी बोलते का." मला आता सगळं द्यायचं असतं. चाळीस मिनिटं माझ्या पोटात आहेत आणि मी नुसती टकटक करत राहते.