तीन ते बारा

दुर्बिणीच्या कड्यावरचे आकडे बारीक कोरलेले, पांढऱ्या रंगाने भरलेले, तीन, चार, सहा, नऊ, बारा — आणि नऊजवळ आलं की कडं जरा अडखळतं असं तिला वाटलं. की अडखळलं ते बोट? तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा अडखळलं. नव्या वस्तूचं कडं घट्ट असायचंच, असं तिने स्वतःला समजावलं आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण हल्ली ती सारखं काही ना काही समजावतच असते स्वतःला.

"आता बघा," दुकानदार म्हणाला. दुर्बीण त्याने एका लाकडी दस्त्यावर बसवून दिली होती — रायफल नाही, नुसता दस्ता, गिऱ्हाइकाने खांद्याला लावून पाहावं म्हणून ठेवलेला. "खिडकीतून समोरची पाण्याची टाकी. फक्त टाकीच हं, खाली माणसं आहेत."

तीनवर टाकी सगळीच्या सगळी दिसत होती, शिडी, झाकण, कोपऱ्यातला गंजाचा ओघळ, आणि मधोमध फुलीच्या दोन काळ्या रेघा, अगदी गप्प, टाकीवरच रंगवल्यासारख्या. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की इथेच थांबावं, दस्ता खाली ठेवावा आणि हीच द्या म्हणावं... पण कडं हाताशी होतं ना. चार. सहा. नऊवर शिडीच्या एकाच पायरीवर फुली आली आणि श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागली. ते ठीक, श्वास अर्धा सोडून थांबायचं असतं, बाबांनीच शिकवलेलं. ती थांबली. बारा. पायरीचा बोल्ट दिसला, बोल्टवरचा सुटलेला पोपडा दिसला, आणि फुली त्याच्याभोवती नाचायला लागली — छातीच्या ठोक्यांनी नव्हे, ठोक्यांची लय तिला ओळखता येते — हे काहीतरी बारीक, भरभर, आडवं.

"हलतंय," ती म्हणाली, जमेल तितकं सहज.

"बारावर सगळ्यांचंच हलतं, मॅडम. दुर्बीण काही आपल्या मनाने हलवत नाही, आहे ते मोठं करून दाखवते. तुम्हाला डुकरासाठी तीन-चार भरपूर. लोक हौसेने बारावाली नेतात आणि चारच्या पुढे कडं फिरवत नाहीत."

सगळ्यांचंच. पण किती? ह्या माणसाला कसं विचारायचं की सगळ्यांचं किती हलतं, आणि किती हललं की ते सगळ्यांचं राहत नाही?

मक्यात रानडुकरं शिरतात, परवाना तिच्या नावावर आहे, रायफल बाबांची. गेल्या वेळी बांधाच्या कडेला ते डुक्कर खांबासारखं उभं होतं, अंतर हाकेचं, आणि गोळी मागच्या पायात गेली. किंचाळत, फरफटत ते ओढ्याच्या झुडपांत गेलं आणि सापडलं नाही. काठ्या घेऊन माणसं फिरली, ती स्वतः फिरली, आणि घरी आल्यावर नवऱ्याने काही विचारायच्या आतच ती म्हणाली होती, नजर गेली माझी. किती हायसं वाटलं सगळ्यांना! नजरेला दुकानात औषध मिळतं. नवरा तर चेष्टेवर आला — "माझे दोष तेवढे बिनचष्म्याचे दिसतात." सगळे हसले, तीही हसली, आणि दुर्बीण घ्यायचं ठरून गेलं.

बाबांनी आधी पेनाला दोष दिला होता. मग कपाचा कान नाजूक, बोटात नीट बसत नाही. मग खुर्ची डुगडुगते म्हणून सुताराला बोलावलं. त्या भल्या माणसाला खुर्चीत काही सापडलं नाही, पण बाबांचा मान राखायचा म्हणून त्याने एक पाय थोडा तासला, आणि त्यानंतर खुर्ची खरोखरच डुगडुगायला लागली. तेव्हा हसलो होतो आम्ही दोघं, मी आणि धाकटा भाऊ, पोट धरधरून हसलो... मग आई त्यांची बटणं लावायला लागली. कुणी आलं की बाबा उजव्या हातावर बसायचे, चक्क मांडीखाली हात घालून, आणि पाहुणा जाईपर्यंत हलायचे नाहीत.

मी नजरेला दोष दिला. एवढाच काय तो फरक.

धाकटा काचेच्या कपाटाजवळ उभा होता. दातांचा डॉक्टर, आज दवाखाना बंद ठेवून तिला गाडीने घेऊन आला होता, तिने नको म्हटलं तरी. तिने कडं बारावरच ठेवलं आणि दस्ता त्याच्यापुढे केला.

"तू बघ रे जरा."

"मला काय कळतंय त्यातलं? मी जबड्यात बघणारा माणूस."

"बघ म्हणते ना. मोठी बहीण सांगतेय."

त्याने खांद्याला लावला. ती त्याच्या कोपराकडे, मनगटाकडे, दुर्बिणीच्या पुढच्या काचेकडे बघत राहिली. बाहेरून काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. माझंही बाहेरून कळत नसेल, ह्याचा आनंद मानायचा की कसं... जे काय हलायचं ते आत, बघणाऱ्यालाच दिसणार. दुसऱ्याच्या डोळ्यात शिरून कोण बघणार? तो बराच वेळ बघत होता. त्याची बोटं कड्यावर गेलेली तिने पाहिली.

"हलतं का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अगं थोडं म्हणजे थोडं, ताई. आता काय फूटपट्टी लावू?" त्याने दस्ता तिच्या हातात दिला आणि स्वतःचे हात पँटच्या खिशांत घातले. "घेऊन टाक. चांगली आहे."

तिने डोळा लावला. टाकी लांब गेली होती, लहान आणि सबंध. कडं तीनवर होतं.

आधी तिच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. म्हणजे ह्याला ठाऊक आहे! मला दिसू नये म्हणून ह्याने कडं फिरवलं, डॉक्टर आहे, केव्हाच ओळखलं असेल, म्हणून तर सोबत आला... तिने रागाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याची कीव पकडायची होती तिला. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. खिडकीबाहेर बघत होता, टाकीकडे, नुसत्या डोळ्यांनी, आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. सकाळी गाडीत म्हणाला होता, दात काढायचं काम आता दुसऱ्या कुणाकडे देतोय, पाठ धरते फार. पाठ! तिने ऐकलंही होतं, शेक घेत जा म्हणून सांगितलंही होतं.

बाबा त्याचेही होते.

इतकी साधी गोष्ट, आणि एवढ्या महिन्यांत तिच्या डोक्यात आली नव्हती. वाटणी झाली तेव्हा जमीन आणि रायफल तिच्याकडे आली, त्याने दवाखान्यापुरता पैसा घेतला, आणि थरथरही आपल्याच वाटणीची असं ती धरून चालली होती, थोरलीचा मान असल्यासारखी. आणि हा रोज लोकांच्या तोंडात सुई घालतोय. किंवा नसेलही तसं काही. त्याची पाठ खरंच धरत असेल. दुकानदाराचं ऐकून त्याने सहज कडं फिरवलं असेल, मीच उगाच... पण भीती वाटायची ती जागाच हलली होती. आपल्या हाताचं काय होईल ते तिला ह्या घटकेला सुचेना. तो एकटा दवाखान्यात दार लावून हात समोर धरून बघत असेल, एवढंच दिसत होतं.

"बांधू का, मॅडम?"

"थांबा जरा."

विचारावं का? काय विचारायचं, तुझा किती हलतो? आणि त्याने उलट विचारलं तर? शब्द नकोतच. नुसता त्याचा हात धरावा, रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट. मग कुणाचा हलतोय ते दोघांनाही कळलं नसतं, आणि कळायला नकोच होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. त्याने जागा करून दिली. हात मात्र त्याने खिशातून काढले नाहीत.