वर्गणीदारांची पाटी

नेदरलँड्समधल्या झूटरमेर शहराजवळच्या त्या छोट्या गावात नगरपालिकेचं पत्र आलं आणि धम्मपाल भडकला. तळ्याकाठच्या बागेसाठी घरपट्टी वाढवली होती. करोनात विमानं बंद झाल्यानं लेकाकडे अडकलेल्या लताबाई मात्र खुलल्या. म्हणजे बागेला आपलीही वर्गणी गेली की! त्यांच्या वस्तीतल्या विहारात वर्गणीदारांची नावं दगडावर कोरलेली होती. संध्याकाळी लेकाला घेऊन त्यांनी बागभर तशी पाटी शोधली.

“आई, इथे नावं नाही लिहीत. पैसे सगळेच देतात.”

“पण तू दिलेस ना?”

“द्यावेच लागतात!” तो करवादला.

लताबाई बाकाकडे वळल्या. इतके महिने पाहुणीसारख्या कडेला टेकणाऱ्या त्या, आज मधोमध ऐसपैस मांडी घालून बसल्या.