नवीन गाडी येईपर्यंत

मी स्टेपनी बोलतेय. गाडीचं जादा चाक. डिकीतल्या पिशव्या बाजूला करा, खालचा गालिचा उचला, त्याखालचा पुठ्ठा काढा, मग खळग्यात पालथी पडलेली जी दिसते, ती मी. एवढी उचलाउचल सहसा कुणी करत नाही, त्यामुळे मी बोलते हेच कुणाला ठाऊक नाही.

आम्ही पाच जणी एकाच कारखान्यातून एकाच गाडीत आलो. चौघी रस्त्याला लागल्या. मला खळग्यात झोपवलं, मधोमध एक लांब स्क्रू पिळला आणि वर झाकण टाकलं. चौघींनी ऊन पाहिलं, चिखल पाहिला, खड्डे खाल्ले, झिजल्या आणि एकेक करून बदलल्या गेल्या. मी तशीच कोरी करकरीत. माझ्या अंगावरची रबराची बारीक लवसुद्धा झडली नव्हती. लोक म्हणतील, काय सुखाचा जीव! एकदा पडून बघा म्हणावं अंधारात. वाट पाहणं हाच माझा जन्मभराचा धंदा, तेव्हा त्या विषयावर दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे.

आमची गाडी पांढरी, लहानशी, पाच माणसांची. घर मात्र सहा माणसांचं. आप्पा, आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती. नाती लहान होत्या तेव्हा मांडीवर मावायच्या. पुढे त्यांचे पाय लांब झाले आणि दर वेळी एक माणूस मागे राहू लागलं. ते माणूस म्हणजे आप्पा. "तुम्ही जाऊन या, मी घर बघतो," असं ते इतक्या सहज म्हणायचे की घराला खरंच कुणीतरी बघावं लागतं, असं सगळ्यांना वाटू लागलं.

पूर्वी गाडी आप्पाच चालवायचे. पेट्रोल पंपावर चार चाकांची हवा बघून झाली की ते मागे येऊन म्हणत, "स्टेपनीत पण बघा."

पंपावरचा माणूस कंटाळून म्हणायचा, "काका, सगळं सामान काढावं लागेल."

"मी काढतो ना."

मग ते खरंच एकेक पिशवी काढून खाली ठेवायचे. माझ्या अंगावर उजेड पडायचा, गार हवा आत शिरायची आणि शेवटी आप्पा अंगठ्यानं मला दाबून बघायचे. अख्ख्या जगात माझी चौकशी करणारं ते एकच माणूस होतं.

नंतर त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि किल्ली मुलाकडे गेली. मुलगा वाईट नाही हो. कष्टाळू आहे, बापावर जीव आहे त्याचा. पण त्याचं लक्ष सतत पुढच्या गोष्टीत. हातातल्या फोनपेक्षा पुढच्या महिन्यात येणारा फोन त्याला जास्त ठाऊक असायचा. त्याच्या हाती किल्ली आल्यावर माझ्यावरचा गालिचा पुन्हा उचलला गेला नाही. हवा काय, थोडी थोडी जातच असते. मी हळूहळू मऊ पडू लागले.

आप्पांना ऐकू कमी यायला लागलं, तसे ते फोनवर ओरडून बोलू लागले. घरात नातींचे अभ्यास. म्हणून संध्याकाळी ते दारातल्या उभ्या गाडीत येऊन बसायचे, स्टेअरिंगपुढे, काचा बंद करून, आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून आक्काला लावायचे. आक्का त्यांची थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावी लेकाकडे राहायची. आई लवकर गेली, तेव्हा आप्पांना हिनंच वाढवलं. हे सगळं मला डिकीत पडल्या पडल्या कळलं. घरात बोलता न येणारं सगळं माणसं गाडीतच बोलतात.

"बारक्या, जेवलास का?" ही आक्काची सुरुवात.

"आक्का, संध्याकाळ झालीय. ही काय जेवायची वेळ आहे?"

"वेळ कुणी विचारलीय? जेवलास का ते सांग."

पंचाहत्तरी ओलांडलेला तो बारक्या मग दुपारी काय जेवला ते शहाण्या मुलासारखं सांगायचा.

एका रविवारी सगळे बाजारातून परत येत होते. म्हणजे आप्पा सोडून सगळे. सिग्नलला गाडी थांबली तसा मुलगा उत्साहानं म्हणाला, "जाहीर झाली बघ! सात जणांची एसयूव्ही. तिसरी रांगसुद्धा ऐसपैस आहे म्हणे."

सुनेनं त्याचा फोन हातात घेतला. "यात तर नुसते दिवेच दिसतायत. गाडी कुठंय?"

"अगं, आत्ता एवढंच दाखवतात. बाकीची हळूहळू."

अंधारातले ते दोन दिवे त्या दिवशी घरात शिरले आणि मग दुसरा विषय उरला नाही. घ्यायची का थांबायचं? बाजारात आहे ती दुसरी बघायची का? हिची किंमत किती ठेवतील? डिकी किती मोठी? मुलगा ऑफिसच्या वाटेवर मित्रांना फोन करून हेच बोलायचा. एक म्हणे थांब, दुसरा म्हणे पहिल्या लॉटची गाडी घेऊच नकोस. न पाहिलेल्या गाडीबद्दल माणसं इतकं ठामपणे कशी बोलतात, देव जाणे.

मेकॅनिकनं सांगितलं, "मागचे दोन्ही टायर झिजून गोटा झालेत. बदलून टाका."

"आता कशाला? गाडीच बदलतोय," मुलगा म्हणाला.

त्याच सुमाराला आक्का अंथरुणाला खिळली. आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणताना सुनेनं मागच्या सीटवरून विषय काढला. "येत्या रविवारी आप्पांना आक्कांकडे नेऊ या. आपण तिघंच जाऊ. गाडीचं गाडीच्या वेळी बघू."

"तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," मुलगा म्हणाला. "नवीन गाडी आली की सगळेच जाऊ. पोरींना बघून आक्काला किती बरं वाटेल! आणि आप्पांना या गाडीतून उतरताना किती त्रास होतो, बघतेस ना तू?"

"तोवर त्यांना बरं नसलं तर?"

"तू नेहमी वाईटच का बोलतेस?"

शेवटी मुलानं विचारलं, "आप्पा, तुम्हीच सांगा. थांबायचं का?"

आप्पा म्हणाले, "थांबू या की. घाई काय आहे?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, हे खरं नाही! घाई होती. मागे एकदा आप्पाही सोबत होते, त्या प्रवासात त्यांच्यासाठी वाटेत दोन-तीनदा गाडी थांबवावी लागली होती, उतरताना दोघांनी धरून ओढावं लागलं होतं आणि घरी पोचल्यावर गाडीतच ते आजीला म्हणाले होते, "पोरांना उगाच ताप झाला माझा." उंच गाडीत आपण सहज चढू-उतरू, कुणाला ओझं होणार नाही, म्हणून ते थांबायला तयार झाले. मुलगा बापासाठी थांबला आणि बाप मुलासाठी. दोघांचं एकमेकांवरचं प्रेमच आडवं आलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी आप्पा गाडीत येऊन बसले.

"आक्का, नवीन गाडी येतेय. आली की सगळे येतो, पोरींना घेऊन."

पलीकडून दमलेला आवाज आला. "गाडीला काय करायचंय, बारक्या? तू ये."

"येतो गं. थोडेच दिवस."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. घरातून हाक आली तेव्हा उठले.

तीन-चार महिन्यांचे किती झाले, ते मी मोजलं नाही. आधी गाडी बाजारात यायला उशीर झाला. मग बुकिंग झालं, तर हवा तो रंग नव्हता. नंतर शोरूममधून फोन आला की कसलासा सुटा भाग यायचाय. दर वेळी आप्पा आक्काला नवा वायदा सांगायचे आणि दर वेळी तिचा आवाज आणखी खोल गेलेला असायचा. पुढे पुढे तीच विचारू लागली, "गाडी आली का रे?" तिनंही वाट पाहायला सुरुवात केली होती.

आणि एके दिवशी सकाळी आक्काच्या लेकाचा फोन आला. लगेच निघा.

निघाले. आप्पा, आजी, मुलगा, सून. नाती परीक्षेसाठी मागे राहिल्या. ज्या गाडीत माणसं मावत नव्हती, तिच्यात त्या दिवशी एक जागा रिकामी होती.

डोंगराच्या चढावर मागचा डावा टायर फाटला. मुलानं भराभर पिशव्या बाहेर फेकल्या, गालिचा ओढला, गंजलेला स्क्रू कसाबसा फिरवला आणि मला उचललं. किती दिवसांनी उजेड! पण त्यानं अंगठा दाबला तशी मी आतच गेले. माझ्यात हवा नव्हती. हवा काही मला माझी भरून घेता येत नाही.

आप्पांनी गाडीतून विचारलं, "आहे का हवा तिच्यात?"

मुलानं मला पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"बघितलीच नव्हती?" सून हळूच म्हणाली.

"नवीन गाडी येणारच होती, म्हणून..." मुलगा पुटपुटला.

त्यानं मला रस्त्यावरून घरंगळत नेलं. घामानं निथळत होता बिचारा. पुढे एक टेंपो थांबला, त्यात टाकून पंक्चरवाल्याकडे नेलं, हवा भरली आणि मिळेल त्या वाहनानं परत आणलं. तोवर ऊन कलायला लागलं होतं. आप्पा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते आणि आजी त्यांच्यावर पदराची सावली धरून उभी होती.

मला बसवलं, नट आवळले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर धावले. काय सांगू तुम्हाला! ज्यासाठी जन्म झाला ते त्या दिवशी कळलं. तापलेलं डांबर, वळणं, उतार, आणि सगळ्या गाडीचा भार माझ्यावर. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

चाकाला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. आक्काच्या दारात गाडी थांबली तेव्हा मला उंबऱ्याबाहेर चपलांची रास दिसली. एवढ्या चपला बघून मी समजले. आप्पांचे पाय खाली टेकले आणि तिथंच थांबले.

आतून एक जण अनवाणी धावत आला. आक्काचा लेक. "मामा," म्हणाला आणि आप्पांसमोर थबकला. मग म्हणाला, "तास झाला असेल. सकाळपासून विचारत होती, बारक्याची गाडी आली का? मी म्हटलं, वाटेत आहेत."

आप्पा रडले नाहीत. मुलगा रडला. गाडीला टेकून, माझ्या शेजारी उकिडवा बसून, तोंड दाबून रडला. आप्पांनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "चल आत," आणि स्वतःच त्याच्या आधारानं चालू लागले.

परत आल्यावर मुलानं दुसऱ्याच दिवशी दोन नवे टायर बसवले. मी पुन्हा डिकीत गेले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ती आली, सात जणांची. उंच, चकचकीत, शेजाऱ्यांनी बघायला यावं अशी. गाडी आणून देणारा माणूस एकेक गोष्ट दाखवत होता. आप्पांनी विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

"आता स्टेपनी नसते काका. तिसऱ्या रांगेला जागा लागते ना. पंक्चरचं किट दिलंय."

आप्पांनी ते किट हातात घेऊन पाहिलं. पण जुनी गाडी न्यायला माणूस आला, तेव्हा त्यांनी डिकी उघडायला लावली आणि म्हणाले, "हे चाक राहू द्या." त्या माणसानं कुरकुर केली, पण मुलानं वडिलांना कारण विचारलं नाही. त्यानंच मला काढून फाटकाजवळ भिंतीला टेकवलं.

आता मी तिथंच आडवी पडलेली असते. आप्पा माझ्यावर गोणपाटाची घडी टाकून ऊन खात बसतात. मधूनच नातीकडून पंप मागवतात आणि माझ्यात हवा भरून घेतात. ती हसते. "आजोबा, हिला गाडीच नाही, हवा कशाला?" ते म्हणतात, "मार गं. असू दे." मग अंगठ्यानं दाबून बघतात, पूर्वीसारखंच.

संध्याकाळ झाली की त्यांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे जातो आणि तसाच परत येतो.

परवा सगळे कुठंतरी निघाले होते. मुलानं नवीन गाडीचं दार उघडून धरलं, खाली छोटी पायरीही ठेवली. "चला ना आप्पा, आता सगळे मावतो आपण."

आप्पांनी त्या गाडीकडे कौतुकानं पाहिलं. खरंच कौतुकानं. मग म्हणाले, "छान आहे रे गाडी. पण मी आता कुणाकडे येऊ?"

मुलानं खालची पायरी उचलून घेतली. मग त्यानं दार हळूच लावलं. गाडी गेली आणि आम्ही दोघं घर बघत बसलो.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला नवीन गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या. थांबायचं असेल तर थांबा. माझं एवढंच मागणं आहे की आज वेळ काढून तुमच्या डिकीतला गालिचा उचला आणि माझ्या बहिणीला अंगठ्यानं दाबून बघा. तिच्यात हवा असली, तर जिथं कुणीतरी तुमची वाट बघत असेल, तिकडे आहे त्याच गाडीनं निघा.