डॉक्टरांच्या वापरातली

"विकणारा हसला, की आधी आपले दात मोजायचे, मग त्याचे."

हा आवाज बाबांचा. चाळीस वर्षांपूर्वीचा, रमले मार्गाच्या ट्राममध्ये दिवसभर कंडक्टर म्हणून तिकिटं फाडून आलेला, जरा घोगरा. तिकीट काढलंय असं सांगणारी इतकी तोंडं त्यांनी बघितली होती, की माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या हातांवर त्यांचा जास्त भरवसा. इतरांच्या घरात मीठ असतं तसा आमच्या घरात संशय होता. फार नाही, पण प्रत्येक पदार्थात चिमूटभर. भाऊ बहगत आणि मी, दोघंही त्याच चवीवर वाढलो.

एकमेकांवर मात्र तो आम्ही कधी भुरभुरला नव्हता.

मी लहान मुलांची डॉक्टर. अलेक्झांड्रियात, इब्राहिमियाच्या चढावर माझा दवाखाना. लग्न केलं नाही, त्यामुळे माझी हौस पुरवायला किंवा मोडायला दुसरं कोणी नव्हतं. हौस तरी केवढी, तर एक गाडी. सव्वीस वर्षं मी एका पत्र्याच्या डबीतून फिरले, आणि सव्वीस वर्षं समुद्राकाठच्या सिग्नलला माझ्या शेजारी एखादी जर्मन सेडान येऊन उभी राहायची. चार दारांची, बाहेरून न्यायाधीशासारखी गंभीर. दिवा हिरवा झाला की तिच्या पोटातून एक खर्जाचा सूर निघायचा, माझ्या बरगड्यांतून आरपार जायचा, आणि गाडी दिसेनाशी व्हायची. मी तिथंच, पहिल्या गिअरमध्ये. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत.

पन्नाशी उलटली तेव्हा आईच्या बांगड्या विकल्या आणि ठरवलं, आता तो सूर आपल्या दारात बांधायचा.

जाहिरात अशी होती: 'डॉक्टरांच्या वापरातली. आतून-बाहेरून कारखान्याचाच रंग. डाव्या मागच्या दाराला फक्त स्वच्छतेचा फवारा.' वाचून मी एकटीच हसले. आमच्याकडे गाडी विकायला निघाली की तिचा मालक हटकून डॉक्टर असतो. खाटीक कधी नसतो, विशीतला उनाड पोरगा तर नाहीच नाही. आणि डॉक्टर गाडी कशी वापरतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत? माझ्या डबीच्या सीटखाली तीन ऋतूंचा बिस्किटांचा चुरा होता, आणि तेल मी दिवा पेटल्याशिवाय कधी बदललं नव्हतं. 'स्वच्छतेचा फवारा' म्हणजे ओरखड्यावर मारलेला रंग. ओरखडा केवढा होता, ते रंगाऱ्याला ठाऊक आणि अल्लाहला.

पण मला काळजी नव्हती. माझा भाऊ बहगत मेकॅनिक होता, सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद म्हणायचे.

मुहर्रम बे भागात त्याचं वर्कशॉप. इतर मेकॅनिक गाडीला वायर लावून पडद्यावरचे आकडे वाचतात. बहगत हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचा. मिनिटभरानं सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह कुरकुरतोय, किंवा पंपाचं बेअरिंग उन्हाळा काढणार नाही. लोक म्हणायचे, गाडीला काल रात्री काय स्वप्न पडलं तेही या माणसाला ऐकू येतं.

गाडी सुमूहा भागात बघितली. मालक इंजिनीअर नगाती, गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात सगळे दात, आणि सगळे दिसतील असं हसू. त्यानं मला इतक्या वेळा 'डॉक्टरसाहेबा' म्हटलं, की मला माझंच नाव आठवेना. गाडी गडद निळी. मी नुसती बघत राहिले. आम्ही पोचण्याआधीच त्यानं इंजिन सुरू करून ठेवलं होतं, बॉनेट हात भाजेल इतकं तापलेलं. एरवी इंजिन तापवून ठेवणाऱ्याला बहगत दारातूनच परत पाठवायचा. गरम इंजिन म्हणजे पावडर लावलेली नवरी, म्हणायचा. त्या दिवशी तसाच पुढं झाला. स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "साफ आहे. घे, इन्शिराह."

तो हत्यार पुसत असताना नगाती त्याच्या खांद्याशी आला आणि हळूच म्हणाला, "उस्ता, हलावा माझ्याकडे लागला."

बहगतनं मान वर केली नाही. हात छातीवर ठेवला. "अल्लाह तुमचं भलं करो."

हलावा म्हणजे तिळाची मिठाई. पण बाजारात हलावा म्हणजे सौदा जुळवून दिल्याबद्दल हातात सरकवलेला गोडवा. तो घेणं वाईट नाही, रीतच आहे. पण ज्याच्या बाजूनं गाडी तपासायची, त्याच्याकडून घ्यायचा. घेणाऱ्याच्या वतीनं येऊन विकणाऱ्याचा हलावा खाणाऱ्याला आमच्याकडे दोन तोंडांचा म्हणतात.

मनात पाल चुकचुकली. मी तिला गप्प केलं. भाऊ आहे, म्हटलं. माझं ऐकण्यात चूक झाली असेल.

पहिला महिना मी हवेत होते. बहगतनं कोकरू कापलं, तळवा रक्तात बुडवून मागच्या बंपरवर उमटवला, नजर लागू नये म्हणून पाच बोटं. मांस गल्लीत वाटलं. मला त्यानं गाडी सांभाळायचे धडे दिले. तेल कुठलं, तर अमुकच. डब्याचं झाकण सीलबंद आहे ना बघ, रिकामे डबे भरून विकतात. पंपावर मीटर शून्यावर आलाय का, ते खाली उतरून बघ. पुढच्या आणि मागच्या टायरचं माप वेगळं आहे, टायरवाला चारही सारखेच बसवेल, तिथून हलू नकोस. धुणाऱ्याला चावी देऊ नकोस. अशी गाडी घेतली की माणूस सगळ्या शहराकडं डोळे बारीक करून बघायला लागतो. मी तर त्याच शाळेत शिकलेली.

नोव्हेंबरात झाडूचं वादळ आलं. आमच्या प्रत्येक वादळाला नाव आहे, आणि हे वादळ गल्ल्या झाडून नेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गारठलेली होती. किल्ली फिरवली आणि पुढून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात वाळलेले वाटाणे हलवावेत तसा. दहा सेकंद. मग बारीक झाला. पण गेला नाही. पुरता कधीच गेला नाही. त्या खर्जाच्या सुराखाली कुणीतरी दात खात असल्यासारखा.

बहगतला फोन केला. त्यानं उचलला नाही. पुन्हा केला. थोड्या वेळानं मेसेज आला: 'घेऊन ये.' तेव्हा लक्षात आलं, आम्ही फोनवर बोलून कितीतरी महिने झाले होते. एके काळी रोज अर्धा तास बोलायचो, शेजाऱ्यांची उणीदुणी काढत. आता फक्त मेसेज. माणूस लिहायला लागला, की त्याला विचार करायला वेळ हवा असतो. खरं बोलायला वेळ कशाला लागतो?

तीनदा गाडी नेली. पहिल्यांदा त्यानं प्लग बदलले. दुसऱ्यांदा तेल. तिसऱ्यांदा दोन दिवस ठेवून घेतली आणि धुऊन परत दिली, चकाचक. वाटाणे तसेच. वर्कशॉपमध्ये रेडिओ इतका मोठ्यानं लावलेला, की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. मी विचारलं, सुमूहात हा आवाज तुला आला नव्हता का? तो म्हणाला, टायर उद्या बघतो. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, हो हो, सनियाची तब्येत बरी आहे. सनिया माझी वहिनी. तिचं नावही मी काढलं नव्हतं. आणि बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, नजर घसरून ओठांवर यायची. जो डोळ्याला डोळा देत नाही त्याच्या खिशात दुसऱ्याचं तिकीट असतं, हेही बाबांचंच.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि मला गाडीचं दुःख उरलं नव्हतं. गाडी गेली तर गेली, लोखंड आहे. पण या शहरात जिच्या दारावर टकटक न करता आत यावं अशी एकच माझी जागा होती, आणि त्या जागेचा मालक विकला गेलाय का, एवढंच मला कळायला हवं होतं.

दवाखान्यातली नर्स तफीदा माझ्या तोंडावरून ओळखते, मला ताप किती आहे ते. तिला सगळं सांगितलं. ती कापसाचे बोळे करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "डॉक्टरीणबाई, भाऊ भाऊच असतो. पण बाजार बाजारच असतो. अन् तुमचा भाऊ बाजारात बसतो." मग तिनं सिदी बिश्रमधल्या एका मेकॅनिकचा पत्ता दिला. बहगतला ओळखत नाही असा शोधून.

चोरून गेले. भावापासून चोरून, म्हणजे माझ्याच घरात चोरी केल्यासारखं. तो मेकॅनिक जाड भिंगांचा, अबोल माणूस. त्यानं वायर लावली, आकडे वाचले, मग बॉनेटवर कोपर टेकून नुसता उभा राहिला आणि ऐकत राहिला. टायमिंग चेन ताणली गेली होती. महिन्याचं नव्हे, वर्षाचं दुखणं. एखाद्या दिवशी भर रस्त्यात तुटली असती आणि इंजिनाचा चुरा झाला असता. मी विचारलं, घेताना कळलं असतं का, इंजिन गरम असताना? त्यानं चष्मा काढून पुसला.

"ज्यानं ही पास केली त्याला एक तर कान नाहीत, नाही तर इमान नाही," तो म्हणाला.

बहगतला कान आहेत हे मुहर्रम बेपासून अगामीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे एकच गोष्ट उरली.

शुक्रवारी नमाजानंतर गेले. गिऱ्हाईक नसतं तेव्हा. गाडी आदल्या दिवशीच त्याच्याकडे सोडली होती, शेवटचं एकदा बघ, तो आवाज घालव म्हणून. शटर अर्धं वर होतं. आत तो एकटा, माझ्याकडं पाठ करून गाडीपुढं उभा, पाना पुसत. रेडिओ बंद. इंजिन बंद. इतकं शांत, की पलीकडच्या चहावाल्याचा चमचा ग्लासात फिरलेला ऐकू येत होता.

मी दारातूनच बोलले. त्याचं तोंड बघून बोलायची हिंमत नव्हती. चेन गेली आहे, सांगितलं. दुसरीकडे दाखवून आणली, सांगितलं. नगातीचा हलावा घशाखाली कसा उतरला, विचारलं.

"माझी एकच हौस होती, बहगत. अन् एकच भाऊ. एक देऊन तू मला दोन्हीला मुकवलंस."

तो पाना पुसत राहिला. पाठीची एक शिरही हलली नाही. मी निर्लज्ज माणसं खूप बघितलीत, दवाखान्यात रोज बघते, पण आमच्या घरात हे नव्हतं. तरातरा पुढं गेले आणि सिदी बिश्रच्या मेकॅनिकनं लिहून दिलेला तपासणीचा कागद त्याच्या नाकासमोर बॉनेटवर आपटला.

तो असा दचकला की हातातला पाना निसटून फरशीवर पडला. त्या खणखणाटानं माझेच डोळे मिटले. मला बघून तो हसला. म्हणाला, "कधी आलीस? कलेजीचं सँडविच आणलंय, अर्धं तुझं."

मी कागदावर बोट ठेवलं. त्यानं वाचला. सावकाश, दोनदा. चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं, भिंतीवरून ऊन उतरतं तसं.

"हलावा किती मिळाला?" मी विचारलं.

"कसला हलावा?"

इतक्या भाबडेपणानं म्हणाला, की माझा राग आणखी भडकला. सांगितलं, नगाती तुझ्या कानाशी काय म्हणाला ते मी ऐकलंय, आणि तू छातीवर हात ठेवलास ते मी बघितलंय. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, एकाग्र होऊन, दोरा सुईत ओवताना बघावं तसा. मग खाली बघितलं. म्हणजे कबूलच.

माझे डोळे भरले, आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते. मी वळले. शटरकडं तोंड करून म्हटलं, एक शब्द खरा बोल, बहगत, फक्त एक, मग मी या दारात पाय ठेवणार नाही. थांबले. चहावाल्याचा चमचा फिरत होता. मी शटरखालून वाकून बाहेर पडायला निघाले.

तेव्हा बाही ओढली गेली. त्यानं मला दोन्ही खांदे धरून फिरवलं, उजेडाकडं. त्याचे हात ग्रीसनं काळे होते, माझ्या कोटावर उमटले. तो बोलला तेव्हा आवाज त्या खोलीला नको इतका मोठा होता, बाहेरचा चमचा थांबला.

"इकडं तोंड करून बोल," तो म्हणाला. "पाठ फिरवलीस की मला काही कळत नाही. नगाती काय म्हणाला मला ठाऊक नाही. कुणी जवळ आलं की मी छातीवर हात ठेवतो, म्हणजे भागतं. दोन वर्षं झाली, इन्शिराह. सनियालासुद्धा सांगितलं नाही. मला ऐकू येत नाही. त्या दिवशी तुझ्या इंजिनाचं मी काहीच ऐकलं नव्हतं."